कोकणकिनाऱ्यावरच्या लहान बागेत सुवासिक वेलगुलाब : जागा ठरवण्यापासून छाटणीपर्यंत

मृगाचा पाऊस पडला की कोकणात लागवडीची घाई सुरू होते. आंबा, नारळ, पोफळ यांच्यासाठी तो काळ योग्यच आहे. पण त्याच ओघात वेलगुलाबाचे कलमही जूनमध्ये जमिनीत जाते आणि गणपती येईपर्यंत त्याची पाने गळून काळपट काड्या तेवढ्या उरतात. दोष खाऱ्या हवेला दिला जातो आणि ‘समुद्राकाठी गुलाब होत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. खारी हवा त्रास देते हे खरे आहे, परंतु माझ्या पाहण्यातले बहुतेक वेलगुलाब मिठाने मेलेले नाहीत. ते मुळाशी साचलेल्या पाण्याने आणि दिवसचे दिवस ओल्या राहिलेल्या पानांवरच्या काळ्या ठिपक्याने मेले आहेत. या दोन्हींचा बंदोबस्त लागवडीच्या आधी करावा लागतो, नंतर तो होत नाही. म्हणून खालील टप्प्यांचा क्रम बदलू नये. काम एप्रिलमध्ये सुरू होते आणि कलम जमिनीत जाते ते ऑक्टोबरमध्ये.

टप्पा १ : जागा (एप्रिल)

किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून खारे वारे वाहतात आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे. पश्चिमेला उघडी असलेली जागा म्हणजे दुपारभर मिठाचा सूक्ष्म फवारा आणि त्यातच तिसऱ्या प्रहराचे तापलेले ऊन. तरीही वेलगुलाब बहुतेकदा तिथेच लावला जातो, कारण घराचे फाटक आणि कमान त्या बाजूला असते. कमान कितीही शोभत असली तरी तिथे बोगनवेल किंवा मधुमालती लावावी. गुलाबासाठी घराची पूर्वेकडची भिंत निवडावी. सकाळचे ऊन तिथे प्रथम पोहोचते, रात्रीचे दव लवकर सुकते आणि घर स्वतःच पश्चिमेचा वारा अडवते. पाने सुकण्याचा वेग येथे फार महत्त्वाचा आहे, कारण काळ्या ठिपक्याच्या बुरशीला पानात शिरण्यासाठी पान सुमारे सात तास सलग ओले असावे लागते. जे पान सकाळी आठला सुकते त्याचा धोका दुपारपर्यंत ओल्या राहणाऱ्या पानापेक्षा कितीतरी कमी असतो.

वेलीला किमान पाच ते सहा तास थेट ऊन हवे. माडापासून तीन मीटरच्या आत जागा धरू नये. माडाची मुळे खत आणि पाणी ओढून घेतात, शिवाय वरून पडलेली झावळी एका क्षणात दोन वर्षांची फांदी मोडते. छपराच्या पागोळ्या जिथे पडतात ती रेघ जमिनीवर खुणेने आखून घ्यावी आणि वेलीचा बुंधा त्या रेघेपासून निदान दोन वीत दूर राहील असे पाहावे. पागोळीखाली लावलेला गुलाब पावसाळा काढत नाही, हे मी चार-पाच घरांच्या अंगणात पाहिले आहे.

पूर्वेची भिंत मिळतच नसेल तर पश्चिमेकडून वारा अडवणारे काहीतरी हवे. येथे एक चूक नेहमी होते : लोक उंच, भरीव भिंत बांधतात. भरीव भिंतीवरून आलेला वारा पलीकडे भोवऱ्यासारखा खाली उतरतो आणि वेलीला हिसके देतो. निम्मा वारा आत येऊ देणारा आडोसा अधिक उपयोगी ठरतो. कण्हेर, उंडी किंवा कडूमेंदी यांचे कुंपण खारा वारा सहन करते. ते वाढेपर्यंत बांबूच्या चौकटीवर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी ताणून बांधली तरी काम भागते. (कण्हेर विषारी आहे, घरात लहान मुले किंवा गुरे असतील तर ती वगळावी.)

तपासणी : सकाळी साडेसात, दुपारी बारा आणि चार वाजता त्या जागेवर उभे राहून ऊन आणि वारा पाहावा. हे एका दिवसात होत नाही, आठवडाभर पाहावे.

टप्पा २ : निचऱ्याची परीक्षा

ही परीक्षा वगळणाऱ्यांची संख्या सर्वांत मोठी आहे, आणि पुढचे सर्व अपयश येथूनच सुरू होते.

निवडलेल्या जागी सुमारे ४५ सेंटिमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्यावा. तो पाण्याने भरून पूर्ण जिरू द्यावा, मग पुन्हा भरावा आणि एका काठीवर पाण्याच्या पातळीची खूण करावी. एका तासात पातळी पाच सेंटिमीटर किंवा अधिक उतरली तर निचरा चांगला आहे. अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरली तर त्या जमिनीत थेट लागवड करूच नये.

कोकणात एक खास फसगत होते. वरची तांबडी माती भुसभुशीत दिसते, पण हातभर खाली जांभ्याचा कातळ असतो. तो फोडून खड्डा केला आणि त्यात उत्तम माती व शेणखत भरले, तर आपण प्रत्यक्षात दगडाची एक परात तयार केलेली असते. उन्हाळ्यात तिच्यात वेल छान वाढते आणि जुलैमध्ये आजूबाजूचे सगळे पाणी त्याच परातीत उतरते. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. तेव्हा अशा खड्ड्यातली मुळे गुदमरतात आणि कुजतात. खड्डा जितका खोल आणि खत जितके जास्त, तितकी ही कुजण्याची क्रिया वेगाने होते. ज्यांनी सर्वाधिक कष्ट घेतले त्यांचीच वेल आधी मेली, असे जे दिसते त्याचे कारण हे आहे.

टप्पा ३ : चिऱ्यांचा उंच वाफा (मे)

निचरा बरा असला तरीही किनाऱ्यावर मी जमिनीच्या पातळीवर लागवड करण्याचा सल्ला देणार नाही. एका वेलीसाठी ९० सेंटिमीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच असा चिऱ्यांचा वाफा पुरतो. चिरे सिमेंटने जोडायचे असल्यास सर्वांत खालच्या थरात प्रत्येक बाजूला दोन-दोन भोके ठेवावीत. कोरडे रचले तर सांध्यांतून पाणी आपोआप निघते. वाफ्याच्या तळाची जमीन कुदळीने सैल करावी. खाली कातळ असेल तर त्याला बाहेरच्या बाजूला उतार मिळेल असा फोडावा.

भरण्यासाठी चाळलेली तांबडी माती दोन भाग, बारीक खडीची कच अर्धा भाग आणि भाताचे तूस अर्धा भाग असे मिश्रण घ्यावे. शेणखत या वेळी घालू नये. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) तपासून घ्यावा. ही सोय जिल्ह्यातील मृदा चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात असते. गुलाबाला ६ ते ६.५ सामू मानवतो आणि जांभ्याची माती बहुधा त्याहून आम्ल असते. सामू ५.५ च्या खाली आला तरच शेतीचा चुना प्रयोगशाळेने सांगितलेल्या प्रमाणात मिसळावा. चुना आणि शेणखत एकत्र कधीही घालू नये, कारण त्यामुळे खतातील नत्र वायुरूपाने निघून जाते. दोघांत कित्येक आठवड्यांचे अंतर हवे, आणि आपल्या क्रमात ते आपसूक मिळते.

इशारा : माती हलकी करण्यासाठी पुळणीची किंवा खाडीची वाळू वापरू नये. ती धुतली तरी तिच्यात शिंपल्यांचा चुरा आणि मीठ उरते. नारळाच्या भुश्याचेही तसेच आहे. नारळाची सोडणे (वरची तंतुमय साले) अनेक ठिकाणी मचूळ पाण्यात भिजवलेली असतात, त्यामुळे भुसा वापरायचाच असेल तर गोड्या पाण्यात तीन वेळा भिजवून, पिळून, ते पाणी फेकून द्यावे.

मे महिन्यात वाफा भरून तो चार महिने रिकामा ठेवायचा, हे अनेकांना पटत नाही. पण या चार महिन्यांत पाऊस दोन कामे फुकट करतो : मातीतले मीठ धुऊन नेतो आणि माती दाबून बसवतो. नव्याने भरलेल्या वाफ्यात लगेच लागवड केली तर माती एक वीतभर खचते आणि कलमाचा जोड (मुळांचा खुंट आणि वरचा गुलाब जिथे जुळवलेले असतात ती गाठ) मातीत गाडला जातो. रिकाम्या वाफ्यात जूनमध्ये मूठभर ताग पेरावा, ऑगस्टच्या मध्याला, फुलावर येण्याआधी, तो कापून तिथेच मातीत मिसळावा. सप्टेंबरच्या अखेरीस पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग, निंबोळी पेंड दोन ओंजळी आणि हाडांचे खत एक ओंजळ वरच्या ३० सेंटिमीटर मातीत कालवावे. हाडांचे खत आम्ल मातीत चांगले विरघळते, म्हणून जांभ्याच्या मातीत ते उपयोगी पडते. निंबोळी पेंडेचा वाळवीला आळा घालण्यास थोडा हातभार लागतो, पण वाळवीचे वारूळ जवळ असेल तर ते आधी खणून काढावे.

मासळीचे खत किनाऱ्यावर सहज मिळते आणि माडाला ते मानवतेही. खारवलेल्या सुक्या मासळीचे खत मात्र गुलाबाच्या वाफ्यात टाकू नये. त्यातले मीठ मुळांपाशीच साचते.

टप्पा ४ : आधार

वेलगुलाबाला तणावे नसतात. काकडी किंवा कारल्याप्रमाणे तो स्वतः धरून चढत नाही. त्याला बांधावेच लागते. म्हणून आधार लागवडीच्या आधी पूर्ण उभा असला पाहिजे. वेल वाढल्यावर भिंतीला भोके पाडायला गेलेल्यांच्या हातून हमखास फांद्या मोडतात.

भिंतीवर जमिनीपासून ४५ सेंटिमीटर अंतरावर पहिली आडवी तार, आणि त्यावर दर ४५ सेंटिमीटरला एक, अशा पाच तारा पुरेशा होतात. तार भिंतीला चिकटलेली नको. १० ते १५ सेंटिमीटर पुढे आलेल्या खुंट्यांवर ती ताणावी, म्हणजे मागून हवा खेळते. साधी लोखंडी तार खाऱ्या हवेत लवकर गंजते आणि जस्ताचा मुलामा असलेली तारही समुद्राजवळ फार काळ टिकत नाही. ३१६ दर्जाची स्टेनलेस स्टीलची तार महाग असली तरी एकदाच घ्यावी लागते. ते शक्य नसेल तर प्लॅस्टिकचे आवरण असलेली तार घ्यावी आणि जिथे ती कापली जाते ती टोके रंगाने बंद करावीत. उघडी कमान किंवा मांडव उभारणार असाल तर खांब निदान ६० सेंटिमीटर काँक्रीटमध्ये गाडावेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले तेव्हा पानांनी भरलेली वेल वाऱ्याला शिडासारखी कशी अडते आणि हलका मांडव मुळासकट कसा उचलला जातो, हे रायगडच्या किनाऱ्यावर अनेकांनी पाहिले.

बांधण्यासाठी सुंभ उत्तम. तो एक-दोन पावसाळ्यांत कुजतो आणि तोच त्याचा गुण आहे, कारण त्यामुळे जुनी गाठ जाड होत चाललेल्या फांदीत रुतून बसत नाही. नायलॉनची दोरी आणि तांब्याची तार वापरू नये.

टप्पा ५ : जात आणि कलम निवडणे (सप्टेंबर-ऑक्टोबर)

रोपवाटिकेत ‘वेलगुलाब’ म्हणून मिळणाऱ्या अनेक वेली बिनवासाच्या असतात. पाटीवरच्या चित्रावर विसंबू नये. शक्य असल्यास फुलावर असलेले झाड घ्यावे आणि वास सकाळी नऊच्या आत घ्यावा. दुपारच्या उन्हात सुवासिक फुलाचाही गंध उतरतो, आणि मग चांगली जात नाकारली जाते.

उष्ण, दमट किनाऱ्यासाठी माझी पहिली पसंती टी-नॉइझेट गटाला, म्हणजे टी आणि नॉइझेट या दोन गुलाबांच्या संकरातून आलेल्या वेलींना, आहे. नॉइझेट गुलाब अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन या उष्ण, दमट बंदराच्या परिसरातच तयार झाले, त्यामुळे थंडीची त्यांना गरज नसते. यांपैकी ‘मारेशाल नील’ ही पिवळी, चहासारखा गोड वास असलेली जात भारतात जुन्या काळापासून परिचित आहे. तिची फुले देठातून खाली झुकतात, म्हणून ती डोक्यावरच्या आधारावर खुलते. ‘लामार्क’ मिळाली तर पांढऱ्या फुलांसाठी अवश्य घ्यावी. ‘न्यू डॉन’ फिकट गुलाबी, मंद वासाची आणि तुलनेने काटक आहे. पहिलाच प्रयत्न असेल तर मी तीच सुचवीन. ‘क्लाइंबिंग क्रिमसन ग्लोरी’चा वास अप्रतिम आहे, पण तिला भुरीचा (पानांवर पांढरी भुकटी आणणाऱ्या बुरशीचा) त्रास होतो. ‘झेफिरीन द्रूआँ’ ही जात काटे नाहीत म्हणून मोह घालते; काळ्या ठिपक्याला ती लगेच बळी पडते, तेव्हा किनाऱ्यावर तिच्या वाटेला जाऊ नये.

कलम घेताना डोळा भरलेला जोड पाहावा. जोडाच्या वर निदान दोन जोमदार फांद्या असाव्यात, साल हिरवी असावी, आणि पिशवीच्या तळाची मुळे पांढरी असावीत. फांदी काळी पडत खाली येत असेल तर ते कलम स्वस्तात मिळाले तरी सोडावे.

तपासणी : पिशवीतली माती बोटाने दाबून पाहावी. घाटावरून येणारी कलमे पुष्कळदा काळ्या चिकण मातीच्या गोळ्यात असतात. हा गोळा तसाच तांबड्या मातीत लावला तर बाहेरची माती सुकते आणि गोळा आतून चिखल राहतो; मुळे त्याची हद्द ओलांडत नाहीत. सहा महिन्यांनी मेलेले रोप उपटले की गोळा जसाच्या तसा हातात येतो. त्यावरचा उपाय पुढच्या टप्प्यात आहे.

घरी आणल्यावर कलम आठ-दहा दिवस अर्धसावलीत, वाऱ्याआड ठेवावे.

टप्पा ६ : लागवड (चित्रा नक्षत्र)

हस्ताचा पाऊस सरून चित्रा लागल्यावर, म्हणजे साधारण १० ऑक्टोबरनंतर, तीन-चार दिवस सलग कोरडे गेले की लागवड करावी. माती अजून ओलसर असते, ऊन मिळते आणि पुढचे सात-आठ महिने मुळांना पसरायला मोकळे असतात. नोव्हेंबरअखेरपर्यंत लागवड चालते. त्यानंतर उशीर झाला तर पुढच्या वर्षीची वाट पाहावी.

१. कलम पिशवीसकट पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावे. पिशवी उभी कापावी. माती काळी आणि चिकण असेल तर पाण्यातच बोटांनी हलके चोळून बाहेरचा निम्मा गोळा सोडवावा. मुळांना हिसका देऊ नये आणि गोळा पूर्ण फोडू नये.

२. वाफ्यात भिंतीपासून ४५ सेंटिमीटर दूर, गोळ्याच्या दुप्पट रुंद पण तेवढाच खोल खड्डा करावा. भिंतीला लागून लावल्यास बुंध्याला हवा मिळत नाही आणि तापलेला चिरा मुळे भाजतो.

३. कलम भिंतीकडे किंचित झुकवून ठेवावे. जोड मातीच्या वर चार बोटे राहिला पाहिजे. थंड देशांच्या पुस्तकांत जोड मातीत गाडण्यास सांगितलेले असते. तो सल्ला हिमापासून रक्षणासाठी आहे. आपल्याकडे गाडलेला जोड कुजतो.

४. माती ढकलून हाताने दाबावी, पायाने तुडवू नये. लगेच दहा लिटर गोडे पाणी हळूहळू द्यावे.

५. बुंध्यापासून एक वीत अंतर सोडून पेंढ्याचे किंवा सुक्या पानांचे आच्छादन घालावे.

इशारा : लागवडीनंतर सहा आठवडे कोणतेही रासायनिक खत देऊ नये. पहिल्या हंगामातल्या कळ्या खुडून टाकाव्यात. हे जिवावर येते, याची मला कल्पना आहे, पण पहिल्या वर्षी वेलीने मुळे आणि फांद्याच कराव्यात.

टप्पा ७ : पाणी आणि मीठ

पहिले तीन आठवडे एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, आणि मार्च ते मे या काळात आठवड्यातून दोन-तीनदा १५ ते २० लिटर पाणी द्यावे. रोज तांब्याभर पाणी देण्याची सवय घातक आहे. मुळे वरच राहतात आणि मीठही वरच साचते.

किनाऱ्यावरच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. जिभेला मचूळ लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. साबणाला फेस कमी येऊ लागणे आणि कुंड्यांच्या कडेला पांढरी पुटे दिसणे ही आधीची लक्षणे आहेत. एकदा मार्चमध्ये आणि एकदा मेमध्ये पाणी तपासून घ्यावे. विद्युत वाहकता (पाण्यातल्या क्षारांचे माप) १ डेसीसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर निर्धास्त वापरावे. त्याहून बरीच जास्त असेल तर पावसाचे साठवलेले किंवा नळाचे पाणी मिसळावे. एका वेलीसाठी उन्हाळ्याची सोय २०० लिटरच्या दोन पिंपांनीही बरीचशी होते. महिन्यातून एकदा नेहमीच्या दुप्पट गोडे पाणी देऊन साचलेले मीठ तळाच्या भोकांतून वाहून जाऊ द्यावे.

पानांची टोके आणि कडा तपकिरी होऊन करपल्या, आणि तेही मुख्यतः वाऱ्याकडच्या बाजूला, तर ते मीठ आहे. पानावर काळे, झालरीसारख्या कडांचे ठिपके येऊन भोवती पिवळे पडले, तर ती बुरशी आहे. पहिल्यावर बुरशीनाशक फवारून काही होत नाही आणि दुसऱ्यावर पाणी मारल्यास रोग वाढतो; म्हणून आधी नीट ओळखावे. जोराचा खारा वारा सुटून गेल्यावर, विशेषतः मेअखेरच्या वादळी हवेत, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पाने गोड्या पाण्याने धुवावीत. एरवी पानांवर पाणी मारू नये, आणि संध्याकाळी तर कधीच नाही.

टप्पा ८ : वेलीला वळण

सर्वांत जास्त निराशा या टप्प्यात होते : वेल छपरापर्यंत जाते आणि फुले फक्त शेंड्याला, दिसणार नाहीत अशा उंचीवर येतात. उभ्या फांदीत शेंड्याचा डोळा खालच्या डोळ्यांची वाढ दाबून ठेवतो. तीच फांदी आडवी केली की हा दाब सैल होतो आणि तिच्या लांबीभर प्रत्येक डोळ्यातून आखूड फूट निघते. फुले याच आखूड फुटींवर येतात. म्हणजे भरपूर फुलांसाठी खत वाढवण्याऐवजी फांदी वाकवावी लागते.

तळातून निघालेल्या तीन ते पाच जोमदार फांद्या ठेवाव्यात आणि त्या पंख्यासारख्या दोन्ही बाजूंना पसरवाव्यात. फांदी दोन-तीन महिन्यांची, अजून लवचीक असतानाच वाकवायला घ्यावी. पाणी दिल्यानंतर लगेच ती ताठ असते आणि कटकन मोडते. दुपार उलटल्यावर, पाण्याच्या आदल्या दिवशी, ती नमते. एकाच वेळी आडवी करू नये. पहिल्या आठवड्यात तिरपी बांधावी, मग आठ-आठ दिवसांनी थोडी थोडी खाली आणावी. सुंभ फांदी आणि तार यांच्यामध्ये एक पीळ देऊन, बोट आत जाईल इतका सैल बांधावा. दोन फांद्यांत एक वीत अंतर राहू द्यावे. फांदी तारेच्या मागे खुपसू नये. पुढे काढताना ती मोडते.

तपासणी : दर पंधरवड्याला जोडाच्या खाली पाहावे. तिथून निघालेली फूट खुंटाची, म्हणजे ज्या गुलाबाच्या मुळांवर कलम बांधले त्याची, असते आणि ती वरच्या वेलीला उपाशी ठेवते. ‘सात पानांची फांदी म्हणजे खुंट’ हा प्रचलित समज वेलगुलाबाला लावू नये. ‘न्यू डॉन’सारख्या कित्येक वेलींच्या खऱ्या फांद्यांनाही सात पर्णिका असतात, आणि या समजापायी लोक चांगल्या फांद्या कापून टाकतात. पाने मोजण्यापेक्षा फूट कुठून निघाली ते माती उकरून पाहावे. जोडाखालची असेल तर कात्रीने कापू नये, खाली ओढून मुळापासून उपटावी.

टप्पा ९ : पावसाळ्याची तयारी (मेअखेर)

रोहिणी नक्षत्र संपायच्या आत पुढील कामे उरकावीत. बुंध्याभोवतीचे आळे मोडून माती बुंध्याकडून बाहेर उतरती करावी. आच्छादन काढून टाकावे. वाफ्याची भोके काडीने मोकळी करावीत. तळापासून दीड वीत उंचीपर्यंतची पाने काढावीत, कारण मातीचे शिंतोडे प्रथम तिथे उडतात. सर्व गाठी तपासून सैल झालेल्या पुन्हा बांधाव्यात.

मग बोर्डो मिश्रण फवारावे. पानांवर एक टक्क्याचे मिश्रण गुलाबाला करपवू शकते, म्हणून अर्ध्या टक्क्याचे करावे : ५० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात आणि ५० ग्रॅम चुना दुसऱ्या पाच लिटर पाण्यात, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत, वेगवेगळे विरघळवून नंतर एकत्र ओतावे. त्यात स्वच्छ विळ्याचे पाते बुडवावे. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद अधिक आहे. थोडी चुन्याची निवळी घालून पुन्हा पाहावे. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा, दर दोन-तीन आठवड्यांनी, हे किंवा मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लेबलावरील प्रमाणात आलटून-पालटून फवारावे. हातमोजे आणि मास्क वापरावा. पाकळ्यांचा गुलकंद करायचा असेल तर त्या बहरावर रासायनिक फवारणी करू नये.

इशारा : जुलै-ऑगस्टमध्ये वेलीची बरीच पाने गळतील. घाबरून युरिया देऊ नये. त्याने आलेली कोवळी फूट पहिल्या ओल्या आठवड्यातच रोगाला बळी पडते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खत बंद ठेवावे, गळलेली पाने रोजच्या रोज उचलावीत आणि ती गांडूळखताच्या ढिगात न टाकता जाळावीत. फांद्या हिरव्या आहेत तोवर वेल जिवंत आहे.

टप्पा १० : छाटणी (लागवडीनंतरच्या दुसऱ्या ऑक्टोबरपासून)

झुडपी गुलाब ऑक्टोबरमध्ये गुडघ्याइतका छाटतात. तीच कात्री वेलगुलाबावर चालवणे ही या सगळ्यातली सर्वांत महागडी चूक आहे. वेल मुख्यतः मागच्या वर्षीच्या लांब फांद्यांवरील आखूड फुटींवर फुलते; त्या फांद्याच कापल्या तर वर्षभराचा बहर जातो. झुडपी जातीतून निपजलेल्या ‘क्लाइंबिंग’ जाती लहानपणी खोल छाटल्या तर पुन्हा झुडूपच होऊन बसण्याची शक्यता असते. लागवडीनंतरची पहिली दोन वर्षे म्हणून फक्त मेलेले, मोडलेले आणि रोगट लाकूड काढावे.

ती संपल्यावर, म्हणजे लागवडीनंतरच्या दुसऱ्या ऑक्टोबरपासून, हवा तीन-चार दिवस कोरडी असताना, मुख्य फांद्या तशाच ठेवून त्यांच्यावरच्या आखूड फुटी दोन ते तीन डोळ्यांवर छाटाव्यात. काप डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उतरता द्यावा. दरवर्षी एकच, सर्वांत जुनी आणि करड्या सालीची फांदी तळातून काढावी, आणि तीही तिच्या जागी नवी फांदी तयार असेल तरच. अंगठ्याएवढ्या जाड कापांवर लगेच बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा दाट लेप) लावावी, नाहीतर त्यातून शेंडेमर (टोकाकडून फांदी काळी पडत वाळण्याचा रोग) खाली उतरते. प्रत्येक वेलीनंतर कात्रीचे पाते स्पिरिटने पुसावे.

छाटणीनंतर आठवड्याने दोन घमेली शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड मातीत मिसळून पाणी द्यावे आणि आच्छादन परत घालावे. साधारण ४५ ते ५० दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीपासून, कळ्या उमलू लागतात. फुले सकाळी आठच्या आत काढावीत आणि देठ खालच्या पहिल्या पूर्ण पाच पर्णिकांच्या पानावर कापावा, म्हणजे त्याच डोळ्यातून पुढची कळी निघते.